अभ्यासपाठ : देह, ओळख आणि ओढ

शास्त्रवाचन : यशया ५६:१-८, प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



या तिमाहीचा पाठ मी लिहावा असे संपादकांनी सुचवले, त्याला कारण त्यांच्याकडे आलेली दोन पत्रे. पहिले एका महिला मंडळाच्या भगिनींचे. त्यांच्या मंडळीत एक तरुण आहे. बोलणे-चालणे नाजूक, लहानपणापासून बहिणींच्यात रमणारा. घरच्यांनी त्याचे लग्न ठरवायला घेतले आहे आणि "लग्न झाले की सुधारेल" असे सगळे म्हणतात. आम्ही काय सांगावे, असे भगिनी विचारतात. दुसरे पत्र एका जुन्या देणगीदार बंधूंचे. ते लिहितात की हे विषय शहरातले, परदेशातून आलेले. पाड्यावरच्या साध्या लेकरांच्या कानावर ते कशाला घालता?

मी शिक्षिका नाही, पाळकही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वसतिगृहातील मुलांचे आरोग्य पाहणारी नर्स आहे, आणि त्या कामाला बावीस वर्षे झाली. त्यामुळे दुसऱ्या पत्राचे उत्तर आधी देते. पाड्यावर हे नाही, असे मला म्हणता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर जी मुले परत येत नाहीत त्यांची यादी मी दरवर्षी करते. बहुतेक आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात, काही मुलींची लग्ने झालेली असतात. पण अधूनमधून एखादे नाव असे असते की त्याचे कारण कोणी सांगत नाही. मग मागच्या बाकावरचे एखादे पोर हळूच सांगते, "त्याला सगळे बायल्या म्हणायचे." शहरातला मुलगा निदान मोबाइलवर शोधून आपल्यासारखे आणखी कोणी आहे का ते पाहतो. पाड्यावरच्या मुलाला वाटते की सगळ्या डोंगरात असा मी एकटाच.

आता मूळ विषय. आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिली गोष्ट देहाची. बाळ जन्मले की सुईण किंवा डॉक्टर पाहून मुलगा की मुलगी ते सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण काही बाळांची शरीररचना, गुणसूत्रे किंवा संप्रेरके या दोन साच्यांत पूर्ण बसत नाहीत. अशांना इंटरसेक्स किंवा द्विलिंगी म्हणतात. कधी ते जन्मतःच दिसते, कधी मुलगी वयात येऊनही पाळी येत नाही तेव्हा कळते. दुसरी गोष्ट ओळखीची, म्हणजे माणूस स्वतःला आतून काय समजतो, स्त्री, पुरुष की आणखी काही. याला लिंगभाव असा शब्द आहे. ज्यांची ही आतली ओळख जन्मवेळी लावलेल्या ओळखीशी जुळत नाही ते ट्रान्सजेंडर. आपल्याकडे तृतीयपंथी हा शब्द रुळला आहे. हिजडा हा शब्द खरे तर एका समाजाचा आहे. त्यात गुरू-चेल्यांची परंपरा असते, आणि प्रत्येक ट्रान्सजेंडर व्यक्ती त्या समाजात जातेच असे नाही. शिवी म्हणून हा शब्द आपल्या तोंडी येऊ नये.

तिसरी गोष्ट ओढीची. मन आणि देह कोणाकडे ओढ घेतात? भिन्न लिंगाच्या व्यक्तीकडे, समान लिंगाच्या, दोघांकडेही, किंवा कोणाकडेच नाही. याला लैंगिक कल म्हणतात. दोघांकडे ओढ असणाऱ्यांना मराठीत उभयलिंगी म्हणतात आणि तोच शब्द काही लोक शरीररचनेबद्दलही वापरतात. वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर वर्तमानपत्रातील बातमीही उलटी समजते.

या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला ओडिशाची धावपटू दुती चंद हिचे उदाहरण मला फार उपयोगी पडते. विणकर कुटुंबातली ही मुलगी. २०१४ मध्ये तिच्या शरीरात पुरुषी संप्रेरक नैसर्गिकपणेच जास्त असल्याचे सांगून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले. ती स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे गेली, आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. पुढे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके मिळवली. ही झाली देहाची गोष्ट. या सगळ्या काळात ती स्वतःला स्त्रीच म्हणत होती. ओळखीबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. मग २०१९ मध्ये तिने उघडपणे सांगितले की आपले प्रेम एका मुलीवर आहे. ही ओढ. एकाच व्यक्तीत तीन प्रश्न, आणि त्यांची उत्तरे एकमेकांवरून ठरत नाहीत. म्हणून नाजूक बोलणारा मुलगा समलिंगी असतोच असे नाही, आणि रांगडा, मिशीवाला, कबड्डी खेळणारा तरुण समलिंगी नसतोच असेही नाही. पहिल्या पत्रातल्या भगिनींना इथेच एक सांगून ठेवते. तुमच्या त्या तरुणाबद्दल तुम्हांला अजून काहीच ठाऊक नाही. त्याचे चालणे तुम्हांला दिसले आहे, एवढेच.

आपल्याच राज्यातले उदाहरण हवे असेल तर बीड जिल्ह्यातील त्या महिला पोलीस शिपायाची बातमी पुष्कळांना आठवत असेल. मुलगी म्हणून वाढलेली, मुलगी म्हणून भरती झालेली ही व्यक्ती पुरुष म्हणून जगू इच्छित होती. रजेच्या अर्जापासून वाद सुरू झाला, २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर पुरुष शिपाई म्हणून नोकरी चालू राहिली. गावाने स्वागत केल्याचे फोटोही छापून आले होते.

असे का होते, हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो. थोडक्यात सांगायचे तर एकच एक कारण सापडलेले नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी ओढ ठरवणारे एकच जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे आणि त्याशिवाय इतरही गोष्टी आहेत, असे त्यातून दिसले. संगत, आईचे लाड किंवा बापाची मारझोड यांनी ओढ ठरते याला आधार मिळालेला नाही. आणि कोणी सकाळी उठून ओढ निवडत नाही, जशी तुम्ही-आम्ही आपली निवडली नाही.

मी वसतिगृहातल्या मुलांना डावखुऱ्यांचे उदाहरण देते. माझ्या लहानपणी डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोराच्या बोटांवर पट्टी बसायची. ते पोर उजव्या हाताने लिहायला शिकायचे, पण डावखुरेच राहायचे. शास्ते ३ मधला एहूद डावखुरा होता, आणि विसाव्या अध्यायात तर बन्यामिनी वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले आहेत. परमेश्वराने त्यांचे हात बदलून घेतले नाहीत. (आमचा एक आठवीतला डावखुरा हे ऐकून इतका खूश झाला की आठवडाभर गोफण घेऊन फिरला, शेवटी काढून घ्यावी लागली.)

हा आजार आहे का? वैद्यकशास्त्र एके काळी तसे मानत होते, हे लपवायचे कारण नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नव्हे असे जाहीर केले. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असा कल "बदलून देण्याच्या" उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. डॉक्टरांनीच जे सोडून दिले ते आपण प्रार्थनेच्या नावाखाली चालू ठेवावे का, याचा विचार मंडळ्यांनी करायचा आहे.

हे मी सहज लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एक पावरा बंधू आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. मुलगा घरात ओढणी घेऊन आरशापुढे उभा राहिलेला सापडला होता. आधी भगताकडे नेले, कोंबडा झाला, अंगारा झाला. मग कोणीतरी सांगितले म्हणून लांबच्या एका प्रार्थनासभेत नेले. तिथे तीन दिवस उपाशी ठेवून त्याच्या अंगातले "स्त्रीचे भूत" काढण्यात आले. घरी आल्यावर आठवड्याने मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचला तो शेजारणीमुळे.

बाप म्हणाला, "सिस्टर बाई, मी त्याला मारला तो वारं निघावं म्हणून. पोराला मारावं म्हणून नाही मारला."

मी म्हटले, "दादा, वारं नव्हतंच. पोर होतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाला नेणे, गोळ्या वेळेवर देणे, हे पुढे वर्षभर त्यांनीच केले, रोजगार बुडवून. मुलगा शाळेत परतला नाही, त्याचे मला फार वाईट वाटते. परवा बाजारात ते भेटले तेव्हा मी विचारले, कसा आहे? "आहे. शेळ्या त्याच्याकडेच असतात. दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाहीत त्या." एवढेच बोलले, आणि मला मूठभर मोहाची फुले देऊन गेले.

"परदेशातून आलेले" या आक्षेपाबद्दल थोडे. परदेशातून आला तो कायदा. भारतीय दंडसंहिता इंग्रज सरकारने १८६० मध्ये केली; तिच्या कलम ३७७ ने समलिंगी संबंध गुन्हा ठरले. त्यानंतर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या आपल्याला हा कायदा चांगला माहीत आहे. याच कायद्याखाली पुढे पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला, हजेऱ्या लागल्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. अशा काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या, हाही आपलाच इतिहास आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग आपण सहसा वाचत नाही. तो तृतीयपंथीयांबद्दल होता. त्यांची नोंदवही ठेवायची, स्त्रीवेषात रस्त्यावर दिसले किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केले तर शिक्षा, मूल दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. उत्तर हिंदुस्थानात हा भाग आधी लागू झाला. पारध्यांच्या पाठीवरचा आणि तृतीयपंथीयांच्या पाठीवरचा शिक्का एकाच लोखंडाचा होता. जमातींवरचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला. कलम ३७७ ला मात्र फार वेळ लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा मानणे बंद केले. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क त्याआधीच, १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मिळाला होता. समलिंगी विवाहाला मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली नाही.

संख्या विचाराल तर २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून "इतर" या रकान्यात देशात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. दारात आलेल्या प्रगणकाला घरातल्या सगळ्यांसमोर हे सांगायचे कोण धजावेल, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा. त्यात समलिंगी व्यक्तींची मोजणी नाहीच.

आता शास्त्रभाग. अनुवाद २३:१ मध्ये षंढाला परमेश्वराच्या मंडळीत यायला मनाई आहे. यशया ५६ मध्ये तीच दारे उघडलेली दिसतात. षंढाला पुत्र-कन्यांहून श्रेष्ठ नाव मिळेल असे अभिवचन आहे. मत्तय १९:१२ मध्ये प्रभू येशू षंढांचे तीन प्रकार सांगतो, त्यांत जन्मापासूनच तसे असलेलेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल एकही कठोर शब्द काढत नाही. मग गज्जाच्या वाटेवरचा तो कूशी अधिकारी. रथात बसून तो यशयाच वाचत होता. तो यरुशलेमेहून उपासना करून परत चालला होता. तिथे त्याला कुठवर जाऊ दिले असेल याची कल्पना करा. फिलिप्प त्याच्या शेजारी बसला. पाणी दिसल्यावर अधिकाऱ्याने विचारले की आता बाप्तिस्म्याला हरकत काय, आणि फिलिप्पाला हरकत सापडली नाही.

बायबलमधला षंढ म्हणजे आजचा तृतीयपंथी किंवा समलिंगी, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे वचनाशी प्रामाणिक होणार नाही. समलिंगी संबंधांबद्दलचे उतारेही आहेत, आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा यावर मंडळ्यांत एकमत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण अशा संबंधांना मान्यता देत नाही, पण त्याच पानावर अशा व्यक्तींचा आदराने स्वीकार करावा, अन्याय्य भेदभाव करू नये असे सांगते. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याविरुद्ध मत दिले होते. आपल्यातही काही बंधू या पाठाशी सहमत होणार नाहीत, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण उपाशी ठेवणे, मारणे, टोपणनावाने चिडवणे, घराबाहेर काढणे हे कोणत्या वचनात बसते, ते त्यांनी मला दाखवावे.

महिला मंडळाच्या भगिनींनो, आता तुमचा प्रश्न. त्या तरुणाला लग्न करायचे आहे का, हे कोणी त्याला एकट्याला, घाई न करता विचारले आहे का? नसेल तर पाळकसाहेबांनी किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा मामा-काकाने विचारावे. "तू तसला आहेस का" असे नव्हे, "हे लग्न तुला हवे आहे का" एवढेच. त्याने नको म्हटले तर कारण काढून घेण्यासाठी मागे लागू नका. लग्नाने ओढ बदलत नाही. बदलते ते एका परक्या मुलीचे आयुष्य. आमच्याकडे वरपक्ष देज देतो, पंच बसतात. लग्न मोडले तर देज परत, दंड, आणि दोष बहुतेक वेळा मुलीच्या माथी. दवाखान्यात "नवरा जवळच येत नाही, माझ्यात काय खोट आहे" असे विचारत रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या मुलीही आपल्याच मंडळीच्या लेकी असतात.

आणि एक कळकळीची विनंती. त्याने तुम्हांला काही सांगितले तर ती गोष्ट प्रार्थनाविनंती म्हणून शुक्रवारच्या सभेत मांडू नका. व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच नको. आपल्याकडे कितीतरी गुपिते "त्याच्यासाठी प्रार्थना करा" असे म्हणत गावभर झाली आहेत. देवाला नाव सांगायला लाउडस्पीकर लागत नाही.

वसतिगृहाबद्दल देणगीदार बंधूंना खरी भीती वाटते ती मुलांच्या सुरक्षिततेची, असे मी समजते, आणि ती रास्त आहे. पण लहान मुलावर अत्याचार आणि समलिंगी ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलावर किंवा मुलीवर, कोणीही केलेला लैंगिक अत्याचार हा गुन्हा आहे, आणि तो कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हाच. त्यात कोणालाही सूट नाही, सेवकालाही नाही. माझ्या अनुभवात वसतिगृहात सर्वांत जास्त त्रास सोसतो तो नाजूक मुलगा. न्हाणीघरात, दिवे गेल्यावर, नदीवर. म्हणून आमच्याकडे टोपणनावांना बंदी आहे, अशा मुलाची खाट रेक्टरच्या खोलीजवळ असते, आणि तो नदीवर न गेल्यास कोणी कारण विचारत नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. अठरा वर्षांखालील असेल तर पालकांनी करायचा. आदिवासी मुलांसाठी एक अडचण सांगून ठेवते. जातीचा दाखला आणि जात वैधता जुन्या नावाने, आधार नव्या नावाने, असे झाले की शिष्यवृत्ती अडकते. नाव बदलण्याआधी सगळे कागद एकत्र घेऊन प्रकल्प कार्यालयात विचारावे. निवडणुकीतही कागदांचा असा घोळ झाला होता. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या जागेवरचा अर्ज तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, अर्ज मान्य झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या.

कोणी मुलगा किंवा मुलगी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. लहान मुलांसाठी १०९८. हे दोन्ही क्रमांक आम्ही भोजनगृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले आहेत. जूनमध्ये मुले येण्यापूर्वी न्हाणीघरांना आतून कड्या बसवण्याचे काम चालू आहे. मुलांच्या बाजूच्या सहा बसल्या, चार बाकी आहेत. सुतार पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला आहे.